रीळ बदलू नका, अंगठा शिकवा

नाशिकमध्ये गळ टाकणाऱ्या तरुण मंडळींत सध्या एक समजूत पक्की झाली आहे: राउंड बेटकास्टर हे रीळ आपल्यासाठी नाही. ते जुन्या शौकिनांचं, शिकायला अवघड आणि हमखास गुंता करणारं यंत्र आहे. नवशिक्यानं स्पिनिंग रीळ घ्यावं. हात बसला की चपटं लो-प्रोफाइल बेटकास्टर घ्यावं. तरीही गुंता होत असेल तर त्याहून महाग, जास्त ब्रेकवालं घ्यावं. दुकानदार हेच सांगतो, व्हिडिओवाले हेच सांगतात, ग्रुपवरचे दादालोकही हेच सांगतात.

माझं म्हणणं उलटं आहे. गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांच्या पाण्यावर, काठावरून जड आमिष टाकून कटला-रोहूची वाट बघणाऱ्यासाठी राउंड बेटकास्टर हेच सगळ्यात शहाणपणाचं रीळ आहे. अंगठ्याशिवाय ते चालत नाही, हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. मला ते रीळ घेण्याचं पहिलं कारण वाटतं. आणि ‘अंगठ्याची गरज नाही’ असं सांगून जे विकलं जातंय, त्याची किंमत फक्त आपल्या खिशातून जात नाही. धरणाच्या काठावरही ती दिसते. त्याबद्दल शेवटी बोलू.

रहाट आणि बादली

ज्यांनी हे यंत्र हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. त्याचा स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळायची चकरी, फेकताना जागची हलत नाही. तंगूस तिच्या कडेवरून वेटोळी टाकत सुटत जातो. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं. त्याची चकरी आडवी असते आणि फेकताना ती स्वतः गरगर फिरते. दोन्ही बाजूंना गोल तबकड्या आणि मध्ये चकरी, असं ज्याचं रूप ते राउंड. तेच यंत्र दाबून मुठीत मावेल असं केलं की लो-प्रोफाइल.

आता गुंता का होतो ते बघा. विहिरीवर रहाटावरून बादली सोडली की रहाट सुसाट फिरतो. बादली पाण्याला टेकते, पण रहाट लगेच थांबत नाही. दोर सैल पडतो आणि वेडावाकडा होतो. घरी विहीर असलेल्या प्रत्येक आजीला यावरचा उपाय ठाऊक होता: हात लावून रहाट धरायचा. बेटकास्टरमध्ये नेमकं हेच घडतं. आमिष हातातून सुटतं तेव्हा त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. हवेच्या विरोधानं तो कमी होत जातो. चकरी मात्र तिच्या मिळालेल्या गतीनं फिरत राहते. आमिष जेवढा तंगूस ओढतंय त्याहून जास्त चकरी सोडते, आणि दोन सेकंदांत रिळावर चिमणीचं घरटं तयार होतं.

म्हणजे प्रश्न एवढाच आहे: चकरीचा वेग आमिषाच्या वेगाशी जुळवायचा कुणी? उत्तरं तीन. रिळातला ब्रेक, तुमचा अंगठा, किंवा दोघं मिळून. बाजार म्हणतो पहिलं. मी म्हणतो तिसरं, आणि त्यातही अंगठा मुख्य.

घड्याळजींनी केलेलं यंत्र

ही रिळं कुणी घडवली ते बघितलं की ‘जुनाट’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. हँडलच्या एका फेऱ्यात चकरी अनेकदा फिरवणारं रीळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजवलं ते जॉर्ज स्नायडर या केंटकीतल्या घड्याळजीनं. पुढे स्वीडनमधल्या स्वँगस्टा या छोट्या गावात १९२१ साली ‘आबू’ कंपनी सुरू झाली. तिचं मूळ नावच ‘घड्याळ कारखाना’ असं होतं. आधी खिशातली घड्याळं, मग टॅक्सीचे मीटर. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीचा धंदा बसला, मीटरला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कारखाना रिळांकडे वळला. १९५२ मध्ये त्यांनी ‘अँबॅसेडर ५०००’ आणलं. आज आपण राउंड बेटकास्टर म्हणून जे ओळखतो त्याचा साचा तिथून आला. जपानची शिमानो कंपनीसुद्धा १९२१ चीच, आणि तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून झाली. तिच्या गाजलेल्या राउंड रिळाचं नाव ‘कॅलकटा’ आहे, ही आपल्याकडच्या लोकांसाठी गंमत.

घड्याळ आणि मीटर बनवणाऱ्यांना सगळं आपोआप चालणारं यंत्र करण्याची हौस असणार, हे उघड आहे. तरीही त्यांनी अंगठ्याची जागा मोकळी ठेवली. कारण समोरून वारा किती आहे, कणकेचा गोळा आज किती ओला आणि जड झालाय, तुम्ही जोर किती लावलाय, हे फेकण्याच्या क्षणी फक्त तुम्हाला ठाऊक असतं. रिळातल्या ब्रेकला यातलं काहीच कळत नाही.

ब्रेक दोन प्रकारचे असतात. एक केंद्रोत्सारी: चकरीबरोबर फिरणारे छोटे ठोकळे वेगामुळे बाहेर सरकतात आणि कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की त्यांचा जोर चौपट होतो, म्हणून ते सुरुवातीला घट्ट धरतात आणि शेवटी जवळजवळ सोडून देतात. दुसरा चुंबकी: फिरत्या धातूत विजेचे भोवरे तयार होऊन विरोध होतो. तो शेवटपर्यंत टिकतो, म्हणून गुंता कमी होतो आणि अंतरही कमी पडतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही आधी ठरवून ठेवलेली सेटिंग्ज आहेत. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आधी ठरवलेली सेटिंग नेहमीच्या परिस्थितीसाठी असते, आणि घोटाळा नेहमी नसलेल्या परिस्थितीत होतो, हे मला कुणी रिळावरून शिकवायची गरज नव्हती. मे महिन्यातल्या संध्याकाळी धरणावर जो वारा अचानक फिरतो, तो कुठल्याच कंपनीच्या डायलवर छापलेला नसतो.

आपल्या पाण्याला काय लागतं

व्हिडिओत दिसणारी मासेमारी बहुतेक वेळा दुसऱ्या पाण्यातली असते. होडीत उभं राहून, दर मिनिटाला हलकं नकली आमिष फेकून ओढायचं. त्यासाठी हलकं, चपटं, भराभर गुंडाळणारं रीळ बरोबर आहे. आपण काय करतो? कणीक, भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची पेंड यांचा गोळा, खाली तीस-चाळीस ग्रॅम शिसं. तो एकदा लांब टाकायचा आणि रॉड टेकवून बसायचं. अर्धा तास, कधी दोन तास. मग एकदम ओढ लागते. कटला मोठा असेल तर पहिल्या धावेतच पन्नास-साठ मीटर तंगूस घेऊन जातो.

या कामाला तीन गोष्टी लागतात. जाड तंगूस भरपूर मावला पाहिजे. जड वजन फेकताना आणि ओढताना सांगाडा पिळवटता कामा नये. आणि मासा पळाला तर त्याला अडवण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे. राउंड रिळात तिन्ही मिळतात. चकरी मोठी असते, दोन तबकड्यांमधला सांगाडा भक्कम असतो, आणि बहुतेक मोठ्या राउंड रिळांना बाजूला क्लिकरची कळ असते. चकरी मोकळी सोडून क्लिकर लावला की मासा तंगूस नेऊ लागताच कर्रर्र आवाज येतो. चहा ओतत असलात तरी उठता येतं. बहुतेक लो-प्रोफाइल रिळांना हा क्लिकरच नसतो. ज्या माशासाठी आपण जातो त्याच्यासाठी सगळ्यात कामाची कळ नसलेलं यंत्र आपण ‘पुढची पायरी’ म्हणून विकत घेतोय.

जिथे राउंड रीळ चुकीचं आहे तेही सांगतो. शेततळ्यात मरळीसाठी पाच-सात ग्रॅमचा छोटा बेडूक फेकायचा असेल तर स्पिनिंगच घ्या. राउंडची चकरी जड असते, एवढं हलकं वजन तिला नीट फिरवूच शकत नाही. दहा ग्रॅमच्या खाली माझा या रिळासाठी काहीही आग्रह नाही. माझं भांडण ‘सगळ्यांनी, सगळ्यासाठी, कायम’ या सल्ल्याशी आहे.

बेअरिंगचे आकडे

दुकानात रीळ मागितलं की पहिला आकडा ऐकू येतो बेअरिंगचा. बारा अधिक एक, अठरा अधिक एक. शहरातल्या एका दुकानात मला सरळ सांगण्यात आलं, ‘सर, चार बेअरिंगवालं घेऊन काय करणार?’ मासे धरणार, दुसरं काय करणार!

फेकताना जे फिरतं ती चकरी असते. तिच्या आसाच्या दोन टोकांना दोन चांगली बेअरिंग असली की फेकीचं काम झालं. हँडलच्या मुठीत, दांड्यात, इकडेतिकडे बसवलेली बाकीची हातात घेतल्यावर गुळगुळीत वाटतात, आणि दुकानात उभं राहून हँडल फिरवणाऱ्याला तेवढंच कळतं. अठरा स्वस्त बेअरिंगांपेक्षा चार चांगली कधीही बरी. त्यात पाणी आणि माती शिरायला जागाही कमी.

मग बघायचं काय? माझी यादी छोटी आहे.

तंगूस किती मावतो: ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा किमान दीडशे मीटर. दोनशे असेल तर उत्तम.

ड्रॅग: हँडलजवळची चांदणीसारखी चकती फिरवून तंगूस हातानं ओढा. तो सलग सुटला पाहिजे. आधी अडकून मग झटक्यानं सुटत असेल तर रीळ परत ठेवा, कारण मोठा मासा नेमका त्याच झटक्यात तंगूस तोडतो. पेटीवर ‘कमाल ड्रॅग दहा किलो’ लिहिलंय याला फारसा अर्थ नाही. पाच किलोच्या तंगूसावर तुम्ही दहा किलो लावणार कुठे?

गिअर: एका फेऱ्याला चकरी पाच-साडेपाच वेळा फिरते असं रीळ घ्या. सातच्या वरचे भराभर गुंडाळतात, पण जड मासा ओढताना मनगट दमवतात.

हँडलची बाजू: राउंड रिळं बहुतेक उजव्या हँडलची मिळतात. उजव्या हातानं फेकणाऱ्याला फेकल्यावर रॉड डाव्या हातात घ्यावा लागतो. सवय होते, पण डाव्या हँडलचं मिळत असेल तर दोन्ही हातात धरून बघा आणि मगच ठरवा.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात मोठं: ते उघडतं का? चांगल्या राउंड रिळाची बाजूची तबकडी दोन-तीन स्क्रू काढले की हातात येते. आत काय आहे ते दिसतं, समजतं. तंगूस सारखा पसरवणाऱ्या आडव्या आट्यांच्या दांड्यात एक नखाएवढा खिळा असतो. झिजतो तो मुख्यतः तोच, आणि बदलता येतो. नाशिकमध्ये राहून हे सांगावं लागावं याचं मला नवल वाटतं. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये आपले काका-मामा लेथवर उभे राहून आयुष्यभर मायक्रॉन मोजत आले. या शहरात डिझेल इंजिनांचे नोझल बनतात. एखादं बुश घासलं म्हणून अख्खं रीळ फेकून नवं मागवणारी पोरं याच शहरात असावीत, हे पटत नाही. वर्षातून दोनदा उघडा, पुसा, गिअरला ग्रीस लावा, चकरीच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. खोबरेल घालू नका. नाशिकच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठतं तसंच बेअरिंगमध्येही गोठेल.

अंगठा शिकतो कसा

‘पण शिकायला फार वेळ लागतो’ हा मुख्य आक्षेप. चार रविवार लागतात, तेही मैदानावर. पाण्यावर शिकायला जाऊच नका. मोकळ्या मैदानात, गळ न लावता, तीस ग्रॅमचं शिसं बांधून सुरुवात करा.

चकरीवर साधा नायलॉनचा तंगूस भरा. विणलेला पातळ दोरा सुरुवातीला नको, तो खालच्या थरात रुततो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. मग हँडलच्या बाजूची छोटी टोपी फिरवून चकरीचा ताण लावा: कळ दाबून शिसं सोडल्यावर ते सावकाश खाली आलं पाहिजे, आणि जमिनीला टेकताच चकरी थांबली पाहिजे. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा. पुढे एकेक पायरी कमी करत या.

फेकताना झटका नको. रॉड मागे नेऊन एका लयीत पुढे आणा, लगोरीचा चेंडू मारल्यासारखा फटका देऊ नका. अंगठा चकरीवर टेकलेला. सोडायच्या क्षणी तो उचला, पण लांब नेऊ नका, तंगूसाच्या वर केसभर अंतरावर राहू द्या. तंगूस फुगायला लागला की तो अंगठ्याला लागतो. तिथे हलकेच टेकवा. शिसं जमिनीला लागायच्या आधी क्षणभर चकरी पूर्ण थांबवा. एवढंच आहे. तबल्याच्या बायावरचा तळहात किंवा गिरणीवाल्याच्या दोन बोटांत पारखलं जाणारं पीठ ज्या जातीचं ज्ञान आहे, त्याच जातीचं हे आहे. सांगून अर्धंच कळतं.

गुंता झालाच तर खोल जाऊ नये यासाठी एक साधी युक्ती आहे. तुमची सर्वांत लांब फेक जिथे पडते त्याहून दहा मीटर जास्त तंगूस ओढून काढा, चकरीवर उरलेल्या तंगूसावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि परत गुंडाळा. आता गुंता पट्टीच्या खाली जाऊ शकत नाही. मासे धरायला जाताना मात्र पट्टी काढा, नाहीतर मोठ्या माशाच्या धावेत तीच अडेल.

ड्रॅग लावायला भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता ताणकाटा पुरतो. तंगूसाच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश. पाच किलोच्या तंगूसाला सव्वा ते दीड किलो. अंदाजानं नको, मोजून लावा.

‘बाटलीवरही मासे मिळतात की’

दुसरा आक्षेप समोरच्या बाजूनं येतो आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. धरणावरचे जाणते लोक म्हणतात, एवढ्या यंत्राचं करायचं काय? प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळा, शिसं गरगरवून सोडा, चाळीस मीटर जातं.

जातंच. गंमत म्हणजे बाटलीच्या टोकावरून वेटोळी सुटणारा तो तंगूस म्हणजे स्पिनिंग रिळाचंच तत्त्व. आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज कापड व्यावसायिकानं १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाटलीवाल्याकडे ड्रॅगही आहे, तो म्हणजे त्याची बोटं. मोठा मासा पळाला की तो बोटांतून तंगूस सोडतो, आवळतो, पुन्हा सोडतो. म्हणून मी म्हणतो की तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. कौशल्य हातात असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. राउंड रीळ त्या हाताला एवढंच जास्तीचं देतं की बोटं कापत नाहीत, आणि दोनशे मीटर तंगूस नीट गुंडाळून राहतो. ‘हात नसला तरी चालेल’ असं सांगणारं महागडं यंत्र बाटलीवाल्यापासूनही लांब आहे आणि माझ्यापासूनही.

काठावर उरतं ते

आता सुरुवातीला म्हटलेली किंमत. रविवारी संध्याकाळी धरणाच्या काठावरून नुसतं चालत जा. दगडांत, बाभळीच्या मुळांशी, गाळात पांढऱ्या-हिरव्या तंगूसाचे पुंजके दिसतील. प्रत्येक पुंजका म्हणजे कुणाचा तरी गुंता, जो सोडवायचा कंटाळा आला, कापला आणि तिथेच टाकला. स्पिनिंगचाही असतो, बेटकास्टरचाही असतो. नायलॉन कुजत नाही. कितीतरी वर्षं तसाच राहतो.

गोदावरी इथून खाली निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला जाते. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून त्या जागेची नोंद झाली. हिवाळ्यात तिथे दूरदेशांहून पक्षी येतात, आणि त्यातले कित्येक काठाच्या उथळ पाण्यात पाय रोवून चरणारे असतात. त्या पायांसाठी तंगूसाचा पुंजका म्हणजे फास. तिथे गळ टाकायला आपण जात नाही, जाऊही नये. पण काठावर टाकलेला नायलॉन पुराबरोबर कुठे जातो याचा विचार करायला कुणाची हरकत नसावी.

दुसरे भोगणारे आहेत धरणावर पोट असलेले लोक. बहुतेक धरणांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. बीज सोडण्याचा खर्च त्यांचा. ट्यूबच्या तराफ्यावर बसून भल्या पहाटे जाळी ओढणारे हात त्यांचे. त्यांच्या जाळ्यात आपले गळासकट तोडलेले तंगूस अडकतात आणि बोटात घुसतात. ज्यांना विचारून, परवानगी घेऊन आपण काठावर बसायला हवं, त्यांनाच आपला कचरा उचलावा लागतो. मग ते आपल्याला हाकलतात, आणि आपण ग्रुपवर त्यांच्या नावानं खडे फोडतो.

हे सगळं एका रिळामुळे होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला सांगितलेलं असतं की गुंता ही यंत्राची चूक आहे, तो गुंता झाल्यावर कापतो, फेकतो आणि दुसरं यंत्र मागवतो. ज्याला ठाऊक असतं की गुंता आपल्या अंगठ्याचा आहे, तो खाली बसतो, कळ दाबून, चकरी धरून, नखानं एकेक वेढा काढतो आणि पुढच्या वेळी अंगठा आधी टेकवतो. कापावाच लागला तर तुकडा खिशात घालतो. चार रविवारांच्या शिकण्यात हा स्वभाव आपोआप येतो. बारा बेअरिंगबरोबर तो पेटीत येत नाही.

म्हणून नवं रीळ मागवण्याआधी, घरात असेल ते बेटकास्टर घेऊन एकदा मैदानावर जा. नसेल तर एखादं जुनं, उघडता येणारं राउंड रीळ शोधा आणि त्याच्याशी चार रविवार भांडा. एवढं करूनही जमलं नाही तर खुशाल स्पिनिंग घ्या, मी काही बोलणार नाही. फक्त धरणावर जाताना तंगूसाचे तुकडे ठेवायला एक रिकामा डबा बरोबर असू द्या.